आरोपीच्या पिंजऱ्यातला वकील

मराठी रंगभूमीला वकील नवा नाही. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'पासून तो आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. पण तो बहुधा दुसऱ्याला पिंजऱ्यात उभे करणारा वकील. सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या माणसाचे वकीलपत्र घेतो आणि त्यापायी स्वतःच संशयित ठरतो, असा वकील आपल्यासमोर ठळकपणे आणला तो दोन चित्रपटांनी. एक हंसल मेहता यांचा हिंदी 'शाहिद' (2013) आणि दुसरा चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (2015). दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, दोन्हींची स्तुती झाली आणि ती रास्तच होती. आम्हाला मात्र त्यांच्याकडे वकिलांच्या बाजूने पाहायचे आहे.

शाहिद आझमी आपल्या वाचकांना परका नाही. 1994 साली टाडाखाली अटक, तिहारमधली वर्षे, तिथेच पुन्हा धरलेले शिक्षण, निर्दोष सुटका आणि मग काळा कोट. सात वर्षांच्या वकिलीत त्यांनी सतरा जणांना निर्दोष सोडवले. 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. 26/11च्या खटल्यात ज्या फहीम अन्सारीची बाजू ते मांडत होते, तो त्याच वर्षी मे महिन्यात सुटला आणि 2012 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम केली.

चित्रपटाचे बळ त्याच्या कोर्टात आहे. अरुंद खोली, एकमेकांचे बोलणे तोडणारे वकील, कंटाळलेले न्यायाधीश. सरकारी वकील शाहिदच्या जुन्या अटकेचा टोमणा मारतो तो प्रसंग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुरावा संपला की वकिलाचा भूतकाळ काढायचा, ही रीत तिथे उघडी पडते. पण एक गोष्ट खटकते. सरकारी यंत्रणेचा मार दिसतो तो शाहिद आरोपी असताना. त्याच्या अंगावर कोट चढला की धोका येतो तो फोनवरच्या निनावी आवाजातून आणि तोंडाला काळे फासणाऱ्या माणसांकडून. सरकार उरते ते केवळ समोरच्या बाकावरचा वकील म्हणून.

'कोर्ट' अधिक थंड डोक्याने रचलेला आहे. शाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका गटार कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवला जातो. कांबळे साकारणारे वीरा साथीदार स्वतः नागपूरच्या आंबेडकरी चळवळीतले होते. 2021 साली कोविडने ते गेले. बचावाचा वकील विनय व्होरा सुखवस्तू गुजराती घरातला. अशिलाच्या जामिनाची रक्कमही तोच भरतो. त्याच्याही तोंडाला काळे फासले जाते, तेही रेस्टॉरंटबाहेर जमलेल्या माणसांकडून. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात. त्या दुष्ट नाहीत, आणि भीती वाटते ती त्यामुळेच. जामिनावर सुटलेल्या कांबळेंना पुन्हा यूएपीएखाली धरले जाते आणि न्यायालय उन्हाळी सुट्टीवर जाते. ताम्हाणे अन्याय दाखवतात तो रोजच्या कामकाजाच्या रूपात. तरीही व्होरा संध्याकाळी घरी परत जाऊ शकतो. दोन्ही चित्रपटांनी वकिलाला इजा केली ती जमावाच्या किंवा मारेकऱ्याच्या हाताने.

'कोर्ट' प्रदर्शित झाल्यानंतर तीनच वर्षांनी, 6 जून 2018 रोजी, नागपूरचे ॲड. सुरेंद्र गडलिंग यांना एल्गार परिषद–भीमा कोरेगाव प्रकरणात यूएपीएखाली अटक झाली. प्रा. साईबाबांपासून कितीतरी आदिवासी आणि दलित आरोपींचे ते वकील. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये छत्तीसगडमध्ये कामगारांचे खटले लढवणाऱ्या ॲड. सुधा भारद्वाज आणि ठाण्याचे ॲड. अरुण फरेरा यांना धरले. फरेरा 2007 साली नागपुरात पकडले गेले होते, तेव्हा गडलिंग त्यांचे वकील होते. शाहिदप्रमाणेच तुरुंगातून बाहेर येऊन फरेरा वकील झाले आणि आपल्याच वकिलाचे सहआरोपी ठरले. असा योग पटकथेत घातला असता तर आम्ही समीक्षकांनी त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

माओवादी संघटनेशी संबंध हा सरकारचा आरोप आहे. गडलिंग यांच्या संगणकात बाहेरून कागदपत्रे घुसवली गेली, असा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने 2021 साली दिला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. खरेखोटे खटल्यात ठरायचे. भारद्वाज 2021 साली आणि फरेरा 2023 साली जामिनावर सुटले. 2025 साली गडलिंग यांचा जामीनअर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे होता, तेव्हा त्यांच्या कैदेला सात वर्षे उलटून गेली होती आणि एल्गारचा खटला उभा राहिला नव्हता.

आपल्या समाजात शाहिद आझमींचे नाव आदराने निघते. पण त्यांना 'आपला शहीद' म्हणून मखरात बसवले, की गडलिंग 'त्यांचे' होऊन बसतात. दोघांचे काम एकच होते. पोलिसांची कहाणी म्हणजे निकाल नव्हे, एवढेच ते कोर्टाला सांगत राहिले. वकिलाला त्याच्या अशिलाशी वा अशिलाच्या हेतूशी एकरूप मानू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या 1990च्या हवाना येथील परिषदेने स्पष्ट म्हटले आहे.

हे दूरचे वाटत असेल तर आमच्या भागाकडे पाहा. 2025 साली अंबरनाथचे न्यायालय चिखलोलीत सुरू झाले. त्याआधी लोकांना उल्हासनगर गाठावे लागे. आदल्याच वर्षी शेजारच्या बदलापुरात चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. संताप स्वाभाविक होता. पण आरोपीचे वकीलपत्र घ्यायचे नाही, असे कल्याणच्या वकिलांनी ठरवले. वकील संघटनांचे असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच सांगितलेले आहे. सप्टेंबरमध्ये तो आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. खटला चाललाच नाही, म्हणजे त्या मुलींच्या वाट्यालाही न्यायालयाचा निकाल आला नाही.

बचावाचा वकील हटवला की असे होते. कधी जमाव हटवतो, कधी गोळी, कधी खुद्द सरकार. पहिल्या दोन गोष्टी आपल्या चित्रपटांनी प्रामाणिकपणे दाखवल्या. तिसरी दाखवणारी कलाकृती मराठीत यायला हवी, आणि ती लिहिण्याचे काम आमच्या पिढीतल्या मुस्लिम लेखकानेही अंगावर घ्यावे. टाडापासून यूएपीएपर्यंत कोर्टाच्या तारखा आपल्या घरांनी मोजल्या आहेत. मात्र तिचा नायक आपल्याच जमातीचा असला पाहिजे, असा हट्ट त्याने धरू नये.