हवेचा आकडा आणि नारळीकरांचं पोस्टकार्ड

भूमकर चौकात सिग्नलला अडकलेला माणूस मोबाइल काढून वाकडची हवा बघतो. समजा, एक ॲप त्याला ८३ दाखवतं, शेरा ‘समाधानकारक’. दुसरं १३७ दाखवतं, तेही नारंगी रंगात. खोटं कुणीच बोलत नाही. घनमीटरभर हवेत पीएम २.५ हे सूक्ष्म कण ५० मायक्रोग्रॅम असले, तर भारतीय पट्टी साधारण ८३ म्हणते आणि अमेरिकी पट्टी १३७. शिवाय भारतीय आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा. समोरचा डंपर आत्ता जी धूळ उडवतोय, तिचा हिशेब त्यात चिमूटभरच.

सोय मोठी आहे, हे नाकारायचं कारण नाही. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने ‘सफर’ ही हवा मोजणारी यंत्रणा पुण्यात २०१३ साली आणली. भूमकरनगर, निगडी, भोसरी इथली मोजणी आता खिशात येते. २०१५च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकाचं सूत्रच होतं : एक आकडा, एक रंग, एक वर्णन. प्रयोगशाळेतलं विज्ञान रस्त्यावर आणायची ही खरोखर हुशार युक्ती. पण आकडा पोचला म्हणजे विज्ञान पोचलं, असं आपण धरून चालतो. पीएम २.५ चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपर्यंत आपल्याकडे चालतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस १५ची आहे. ‘समाधानकारक’ या शब्दामागे एवढी दरी आहे, आणि ती हिरवट रंगाखाली झाकली जाते.

विज्ञान खरोखर पोचवायचं कसं, याचा दृश्यमाध्यमांतला वस्तुपाठ मात्र आपल्याच पुण्यातून गेलेल्या माणसाने घालून दिला. अरविंद गुप्ता कानपूर आयआयटीतून इथल्या टेल्को कारखान्यात आले. १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी काडेपेटीच्या काड्या जोडू लागले. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांच्या खेळण्यांच्या छोट्या फिल्म मराठीसह अनेक भाषांत निघाल्या, सगळ्या फुकट. ना भव्य संगीत, ना फिरणाऱ्या आकाशगंगा. दिसतात ते हात. फिल्म संपली की पोरगं रिकामी बाटली शोधायला उठतं. आजच्या चकचकीत विज्ञान-व्हिडिओंनंतर ते फक्त पुढच्या व्हिडिओकडे सरकतं.

२३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरताना इस्रोचं यूट्यूब प्रक्षेपण एकाच वेळी ऐंशी लाखांहून अधिक ठिकाणी चालू होतं. एवढा मोठा वर्ग कोणत्या गुरुजींना मिळाला? पण तिथे हात वर करायची सोय नव्हती.

ती सोय जयंत नारळीकरांकडे होती. दूरदर्शनवर ‘ब्रह्मांड’ मालिका करणारा हा शास्त्रज्ञ सही मागायला आलेल्या मुलाला सांगे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन आणि त्याखाली सही करीन. मे २०२५ मध्ये ते गेले. दोन्ही बाजूंनी बोलणारं जाळं म्हणावं, तर माझ्या लेखी आजही ते पोस्टकार्डच. मराठीत दाखवण्याची कला वाढली; उत्तर देण्याची खुंटली.

हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहिणारे कितीतरी जण वाकडातच राहतात. त्यांच्यापैकी कुणी हवेचं ॲप करत असेल, तर आकड्याखाली एवढी मराठी ओळ टाकावी : पट्टी कोणाची, सरासरी किती तासांची आणि शंका कुणाला विचारायची.