पण बँजो वाजवतंय कोण?

यूट्यूबवर 'चिंचपोकळीचा चिंतामणी आगमन' असं टाकून बघा. स्क्रोल करून अंगठा दुखेल इतके व्हिडिओ निघतील. शीर्षकात मंडळाचं नाव, वर्ष, वाजलेल्या गाण्याचं नाव आणि पुढे आगीचे चार-पाच इमोजी. पथकाचं स्वतःचं चॅनल असेल तर पथकाचं नाव ठळक मिळतं. नाहीतर टी-शर्टच्या पाठीवर झूम करून वाचायचं. आणि ट्रॉलीच्या पुढे गळ्यात पट्टा अडकवून बँजो वाजवणारा तो पोरगा? त्याचं नाव फार क्वचित. खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारलेलं असतं, 'भाई, बँजोवर कोण आहे?' उत्तरादाखल तीन हार्ट.

काळाचौकी, लालबाग, परळ, चिंचपोकळी या पट्ट्यातलं बँजो पथकांचं संगीत प्रत्येकाच्या खिशात फोन आल्यापासून धो-धो रेकॉर्ड होतंय. त्याबद्दल लिहिलेलं मात्र फारसं हाती लागत नाही. जे मिळतं ते आवाज किती डेसिबल आणि ट्रॅफिक किती तुंबलं एवढंच. तो प्रश्न खोटा नाही. दत्ताराम लाड मार्गावर ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे त्यांना विचारा. पण डेसिबल मोजून झाल्यावरही एक प्रश्न उरतोच: वाजवलेलं चांगलं होतं का?

आधी वाद्य समजून घेऊ. आपण ज्याला बँजो म्हणतो त्याचा अमेरिकन बँजोशी नावापुरता संबंध. आपला बँजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानमधल्या नागोयात 1912 साली निघालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातानं तार छेडायची. मुंबईच्या रस्त्यावर त्याला पिकअप लागला, तो अ‍ॅम्प्लिफायरला जोडला गेला आणि घरातलं नाजूक वाद्य हजारोंच्या गर्दीवर स्वार झालं.

बटणाच्या या वाद्यात सतारीसारखी मींड सहज निघत नाही. बटण दाबलं की स्वर थेट उभा राहतो आणि लगेच विझायला लागतो. गाण्यातली लांब ओढलेली ओळ त्यावर वाजवायची कशी? वादक एकाच स्वरावर इतक्या वेगानं आघात करतो की तुटक आवाजांची सलग रेघ होते. बँजोचा तो थरथरता, किंचित रडवा सूर येतो इथून. चांगला वादक ही थरथर सगळीकडे सारखी ठेवत नाही. ओळ संपताना ती सैल सोडतो, पुढच्या ओळीला पुन्हा आवळतो. कच्चा वादक पूर्ण गाणं एकाच वेगात खरवडत नेतो. एवढा एक फरक कानात बसला की पुढचे दहा व्हिडिओ वेगळे ऐकू येतील.

आता थोडं लांब जाऊ, कॅलिफोर्नियात. 1965 साली तिथे ग्रेटफुल डेड नावाचा रॉक बँड सुरू झाला. त्यांचा गिटारिस्ट जेरी गार्सिया अमेरिकन बँजोही वाजवायचा. ड्रमर मिकी हार्टनं उस्ताद अल्लारखाँकडून तालाचे धडे घेतले आणि पुढे आपल्या माहीमच्या झाकिर हुसेन यांच्यासोबत 'डिगा' (1976) आणि 'प्लॅनेट ड्रम' (1991) हे अल्बम केले. म्हणजे बँड मुंबईला अगदीच परका नाही.

त्यांच्या रेकॉर्डिंगची गोष्ट मात्र उलटी आहे. स्टुडिओत बसले की हे लोक बहुतेक वेळा आखडल्यासारखे वाटतात. 1970 चे 'वर्किंगमन्स डेड' आणि 'अमेरिकन ब्यूटी' हे सणसणीत अपवाद. त्यांचं 'डार्क स्टार' 1968 मध्ये सिंगल म्हणून आलं तेव्हा तीन मिनिटांच्या आत आटोपलं होतं. पुढच्याच वर्षी 'लाइव्ह/डेड' या अल्बममध्ये तेच गाणं 23 मिनिटं चाललं. सिंगल ऐकून वाटतं, बरं आहे. 23 मिनिटं ऐकल्यावर कळतं की गाणं हा फक्त दरवाजा होता, घर आत होतं.

हे घर जपलं श्रोत्यांनी. कॉन्सर्टला लोक टेपरेकॉर्डर घेऊन यायचे. बँडनं त्यांना हाकललं नाही; 1984 पासून तर त्यांच्यासाठी वेगळी जागाच ठेवली. अलिखित नियम एक: टेप वाटायची, विकायची नाही. आणि प्रत्येक कॅसेटवर लिहायचं: तारीख, ठिकाण, गाण्यांचा क्रम. बँडच्या साउंड इंजिनिअर बेटी कँटर यांनी केलेल्या टेपा तर त्यांच्याच नावानं ओळखल्या जातात. भाडं थकल्यामुळे त्या टेपा 1980 च्या दशकात गोदामातून लिलावात निघाल्या, तरी ओळख हरवली नाही. त्यांनी रेकॉर्ड केलेली 8 मे 1977 ची कॉर्नेल विद्यापीठातली मैफल अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत गेली. अधिकृत अल्बम म्हणून ती आली 2017 साली, चाळीस वर्षांनी. तोवर चाहते ती पाठ करून बसले होते आणि 1972 चा डेड भारी की 1977 चा, यावर भांडत होते. ते भांडण म्हणजेच समीक्षा. तारीख आणि नाव असल्याशिवाय ते सुरूच होत नाही.

यावर कुणी म्हणेल, डेड स्वतःची गाणी वाजवायचे, आपली पथकं दुसऱ्यांची वाजवतात. कोळीगीत, सिनेमाचं गाणं, आरती, मग परत कोळीगीत. यात नवं काय? नवं असतं जोडकामात. एका गाण्यातून दुसऱ्यात कुठल्या स्वरावरून उडी मारली, ताशा कधी थांबवला, मिरवणूक वळणावर अडकली तेव्हा लय कशी धरून ठेवली, मूर्ती पुढे सरकताच ती कशी सोडली. कॉर्नेलच्या मैफलीतही लोक जीव टाकतात ते एका गाण्यातून दुसऱ्यात शिरण्याच्या जागेवर. आपल्याकडे अशा जागा दर आगमनाला तयार होतात आणि तीस सेकंदांच्या रीलमध्ये नेमक्या त्याच कापल्या जातात. रीलला हवा असतो ड्रॉप. त्याच्या आधीची दोन मिनिटं कुणाला नको असतात.

फोनचाही दोष आहे. आवाज फार मोठा झाला की फोन तो आपोआप दाबतो. ढोल पडला की बँजो बुडतो, ढोल थांबला की गर्दी वर येते. स्पीकरला चिकटून शूट केलं तर हाती फक्त खरखर. चार पावलं मागे, बाजूला उभं राहून केलेलं रेकॉर्डिंग दिसायला कमी थरारक, ऐकायला कितीतरी खरं.

सिनेमानं एकदा प्रयत्न केला होता. रवी जाधव यांचा 'बँजो' (2016). न्यूयॉर्कची मुलगी एक रेकॉर्डिंग ऐकते आणि ते वाजवणाऱ्याला शोधत मुंबईत येते. वाजवणारा, म्हणजे रितेश देशमुख, आपण बँजोवाले आहोत हे तिच्यापासून लपवतो, कारण बँजोवाल्याला इज्जत नाही. कथेची ही नस अचूक सापडली होती: रेकॉर्डिंग आहे, नाव नाही. पण विशाल-शेखरच्या गाण्यांत बँजो बऱ्याचदा मागे उभा राहतो आणि गायक पुढे. ज्याच्या नावावर सिनेमा, त्यालाच कोरसमध्ये टाकल्यासारखं झालं.

त्यामुळे हे काम स्टुडिओवर सोडण्यात अर्थ नाही. ते फोन धरलेल्या हातांचंच आहे. पूर्ण गाणं घ्या, जमलं तर दोन गाण्यांमधला सांधाही. अपलोड करताना तारीख, नाका, पथक लिहा. आणि ट्रॉली थांबते, पोरं पाणी पितात, बँजोवाला तारा ताणून बघतो, तेव्हा जवळ जाऊन त्याला नाव विचारा. हरकत नसेल तर तेही लिहा, इमोजीच्या आधी.