चिंचवडची देव-परंपरा : नामाभिधानाचा प्रश्न

'हिंदू धर्म' ही संज्ञा वसाहतकाळात घडली, की ती जाणीव त्यापूर्वीही होती, या वादात विल्फ्रेड कँटवेल स्मिथ (१९६२) व डेव्हिड लोरेन्झेन (१९९९) यांची नावे हटकून येतात. एकनाथांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'मुळे मराठी अभ्यासकाला हा शब्द सोळाव्या शतकातच भेटतो. त्यामुळे तो निव्वळ इंग्रजी जनगणनेचे अपत्य ठरत नाही. तथापि शब्द जुना म्हणून परंपरा स्वतःला त्याच नावाने ओळखत होती, असेही सिद्ध होत नाही. पवनाकाठचे चिंचवड या दृष्टीने उद्बोधक आहे.

मोरया गोसावींची परंपरा 'गाणपत्य' म्हणून नोंदवली जाते. हे नाव संस्कृत ग्रंथांतील वर्गीकरणाचे. परंपरेनुसार त्यांचे गुरू नयनभारती, आणि 'भारती' हे दशनामी संन्याशांच्या दहा नावांपैकी एक. 'गोसावी' ही उपाधी गुरूकडून आली, शिष्य मात्र गृहस्थ. पुत्र चिंतामणी महाराजांना 'देव' हे नाव तुकोबांनी दिले, अशी आख्यायिका आहे. तिची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी गणेशोपासक घराण्याला आपले नाव देहूच्या वारकऱ्याकडून मिळाल्याचे सांगण्यात संकोच वाटला नाही, ही गोष्ट महत्त्वाची. 'संप्रदाय' या शब्दाची बंदिस्त कल्पना येथे अपुरी पडते.

लॉरेन्स प्रेस्टन यांचा चिंचवडच्या देवांवरील ग्रंथ (१९८९) या घराण्याकडे वंश आणि राज्यसत्ता या जोडीतून पाहतो. इनामांच्या अंगाने ही दृष्टी फलदायी आहे. १८१० मध्ये धर्मधर निपुत्रिक वारल्यावर दूरच्या नातलगास गादीवर बसवण्यात आले; 'देव' हे तोवर गणेशाच्या अंशाचे नाव होते, तितकेच उत्पन्नाच्या हक्काचेही झाले होते. परंतु दप्तरात हक्कदाराचे नाव लागते, उपासकाच्या तोंडचे नाही. दप्तरावर विसंबणाऱ्या विवेचनाची ही मर्यादा आहे.

मग व्यापक नाव टाकूनच द्यावे काय? स्वामीनारायण सत्संगींनी आपण हिंदू नसल्याचा दावा केला, तो दलितांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा टाळण्यासाठी. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या निकालाने १९६६ मध्ये तो फेटाळला. वेगळ्या नावाचा आग्रह नेहमीच निरागस नसतो, हे संज्ञाचिकित्सकांनी विसरू नये.

चिंचवडहून भाद्रपद व माघ महिन्यांत पालखी मोरगावला जाते. वाटेवर 'मोरया'चा गजर होतो. तो देवाचा की भक्ताचा, हा भेद कोशकाराला करावा लागतो. पालखीबरोबर चालणाऱ्याला तो पडत नाही.