नवूची बैठक

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन मिनिटांच्या तबकडीवरून त्यांच्या बैठकीचे माप काढू नये, हे आपण जाणतो. जिनेत नवू या फ्रेंच व्हायोलिनवादिकेलाही तोच न्याय हवा. ब्राम्सचा कॉन्चेर्तो तिने १९४६ साली लंडनच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला, तो चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत. ३ मे १९४८ रोजी हॅम्बुर्गला मात्र ती श्रोत्यांपुढे सलग वाजवते. लोणावळ्याच्या पावसात दोन्ही पाठोपाठ ऐकली. स्टुडिओतले वादन नेटके आहे. हॅम्बुर्गला वाद्यवृंदाच्या दीर्घ प्रस्तावनेनंतर व्हायोलिन झेपावते. क्वचित स्वर खरवडतो, पण साठत गेलेला ताण कुठे तुटत नाही. ऑक्टोबर १९४९ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, ती विमान-अपघातात गेली. तिची थोरवी मोजायची तर या सलग वादनावरून.