वाढले म्हणजे समप्रमाणात आले?

'एक राशी वाढली की दुसरीही वाढते, म्हणून त्या समप्रमाणात आहेत.' सातवी-आठवीच्या वह्या तपासताना हे वाक्य किती वेळा भेटते, ते शिक्षकांना सांगायला नको. मार्गदर्शक पुस्तकांत तर ते नियम म्हणूनच येते. आमच्या मते ते केवळ अपुरे नाही, चूक आहे.

चौरसाची बाजू २ सेंमीवरून ४ सेंमी झाली की क्षेत्रफळ ४ चौसेंमीवरून १६ होते. दोन्ही राशी वाढल्या. पण एक दुप्पट, दुसरी चौपट. वयाबरोबर उंचीही वाढते. म्हणून पाचव्या वर्षी १०५ सेंमी असलेली मुलगी पंधराव्या वर्षी ३१५ सेंमी होत नाही! व्यस्त प्रमाणाचीही तीच गत. दहा पोळ्यांतल्या खाल्लेल्या वाढल्या की उरलेल्या कमी होतात, पण इथे स्थिर राहते ती बेरीज, गुणाकार नव्हे.

रॉबर्ट कारप्लस या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास मुलांना एक साधे कोडे घातले होते. बुटक्या माणसाची उंची ४ बटणे, उंच माणसाची ६ बटणे. कागदाच्या टाचण्यांनी मोजल्यास बुटका ६ टाचण्या भरतो, तर उंच माणूस किती? अनेक मुले ८ म्हणाली: आधी दोनचा फरक होता, आताही दोनचाच. बरोबर उत्तर ९. आता वरचे वाक्य या मुलांना लावून पाहा. ४चे ६ झाले, ६चे ८ झाले, दोन्ही वाढले! म्हणजे ज्या मुलाला मदतीची गरज आहे, त्याची चूक हे वाक्य पकडतच नाही.

मग ते इतकी वर्षे टिकले कसे? प्रकरणातली सगळीच उदाहरणे वह्यांच्या किमतीची नाहीतर मजुरांच्या दिवसांची असतात म्हणून. समप्रमाण आहे का, हा प्रश्न मुलांना पडावा असे तिथे काही नसते. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (११५०) त्रैराशिकाबरोबर व्यस्त त्रैराशिक कुठे लावायचे, तेही सांगून ठेवले आहे.

आम्ही एक प्रयोग सुचवतो. १५० ग्रॅम वजनाच्या भांड्यात १००, २००, ३०० मिलिलिटर पाणी घालून दर वेळी भांड्यासकट वजन करा: सुमारे २५०, ३५०, ४५० ग्रॅम. वजनाला आकारमानाने भागायला सांगा: २.५, १.७५, १.५. वजन वाढते आहे, भागाकार मात्र घसरतो आहे. का, ते मुलांनाच शोधू द्या. घाई करू नका. भांड्याचे वजन वजा केले की भागाकार दर वेळी १ येतो. मग पाण्याऐवजी गोडेतेल घ्या. भागाकार याही वेळी स्थिरच राहतो, पण सुमारे ०.९ येतो. हा आकडा तेलाविषयी काय सांगतो, हा पुढच्या तासाचा विषय.