‘हिंसेला पाठिंबा’ मोजताना: दोन पुस्तकं

राजकीय हिंसेवर संशोधन करायचं ठरवलंत, तर प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर फसाल. मी फसले. डोंबिवलीतल्या एका काकांना विचारलं, “राजकीय हिंसेला तुमचा पाठिंबा आहे का?” काका दुखावलेच. “छे हो, आम्ही नोकरदार माणसं.” मग चहा आला. विषय ऑक्टोबर २००८वर गेला, रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारलं होतं त्यावर. काका म्हणाले, “बरा दणका दिला तेव्हा.”

काका खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी हिंसा म्हणजे खून, दंगल. दणका, राडा, खळ्ळखट्याक, धडा शिकवणं ही खाती वेगळी. ‘हिंसा’ हा शब्द आपला, संशोधकांचा.

हे डोक्यात ठेवून दोन पुस्तकं वाचा. थॉमस ब्लॉम हॅन्सन यांच्या ‘वेजेस ऑफ व्हायलन्स’मध्ये (२००१) ठाण्यावर अख्खं प्रकरण आहे, दादागिरीच राजकारणाची रीत कशी बनते, हा त्याचा विषय. युलिया एकर्ट यांचं ‘द करिश्मा ऑफ डायरेक्ट अ‍ॅक्शन’ (२००३) शिवसेनेचं आकर्षण विचारसरणीपेक्षा थेट कृतीत शोधतं. मला एकर्ट जास्त पटतात. टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांच्याकडे लोक घरगुती भांडणांपासून नोकरीपर्यंतची गाऱ्हाणी घेऊन जात. सरकारी कचेरीत चपला झिजवलेल्या माणसाचं काम तिथे होई, कारण हा शब्द मोडायचा नसतो हे समोरच्याला ठाऊक असे. त्या माणसाने आयुष्यात दगड उचललेला नसतो, पण त्याचं काम जरबेवरच झालेलं असतं. अशा पाठिंब्यात मत कमी आणि ऋण जास्त.

तक्रार एवढीच की दोघांची नजर बहुतेक वेळ करणाऱ्यांवर आहे. गॅलरीतून बघणाऱ्याचं काय? २६ ऑगस्ट २००१ला दिघे यांचं ठाण्याच्या सिंघानिया रुग्णालयात निधन झालं आणि जमावाने रुग्णालय पेटवलं. आत इतर पेशंट होते. माझ्या मुलाखतींत मात्र आधी “साहेब गेले” येतं आणि मग “हॉस्पिटल जळलं”. ‘जाळलं’ नाही, ‘जळलं’. कर्ता गायब! असली वाक्यं शब्दशः उतरवून घ्या. सारांश लिहिलात की नेमकं हेच हरवतं.

आणि मतदानावरून घाईने काही सिद्ध करू नका. २००९मध्ये मनसेचे १३ आमदार निवडून आले, त्यांत कल्याण पश्चिम आणि कल्याण ग्रामीणही होते. त्यातली किती मतं दणक्याला, किती जुन्या पक्षांच्या कंटाळ्याला, हे निकालाच्या आकड्यांतून कळत नाही.

मी प्रश्न बदललाय. राज ठाकरेंना अटक होऊन कल्याण-डोंबिवलीत तोडफोड झाली, त्या दिवशी तुम्ही पहिला फोन कुणाला केलात?

काका जरा थांबले. “हिला. म्हटलं, पोराला क्लासला सोडू नकोस.”