ठिपक्यांच्या यादीत हरवलेले ‘कारण’

संगणकावर तयार केलेली चित्रे एकामागून एक पडद्यावर दाखवून धडा शिकवण्याची सोय आता गावोगावच्या शाळांत पोहोचली आहे. ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी हाताने पारदर्शिका रंगवण्यात ज्यांनी संध्याकाळी घालवल्या, त्यांना ती वरदान वाटेल, आणि ते खोटेही नाही. परंतु नव्या साधनाची परीक्षाही व्हायला हवी. पॉवरपॉइंटसारख्या आज्ञावलीतील कोणत्या सुविधा विज्ञानाच्या धड्याला उपकारक आहेत आणि कोणत्या मारक, हे आम्ही येथे एका उदाहरणावरून तपासणार आहोत.

उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या मलकापूरचे. कराडला लागून असलेल्या या गावात तेव्हा नगरपंचायत होती. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना आखली गेली आणि राज्यभर तिचे नाव झाले. समजा, एखाद्या शिक्षकाने या योजनेवर धडा करायला घेतला. आज्ञावली उघडताच एक तयार चौकट पुढे येते : वर मथळा, खाली ठिपक्यांची यादी. शिक्षक मथळा लिहितो, ‘चोवीस तास पाणीपुरवठा’. खाली चार ठिपके : ‘घरोघरी मीटर’, ‘पाण्याची बचत’, ‘शुद्ध पाणी’, ‘आरोग्यात सुधारणा’. मग प्रत्येक ओळ गिरक्या घेत पडद्यावर येते. मुले खूश होतात, वहीत चार ओळी उतरवून घेतात, तास संपतो.

या चार ओळींत चूक एकही नाही. पण विज्ञानही नाही. पाणी सतत चालू ठेवल्याने ते शुद्ध का राहते, हा खरा प्रश्न आहे. जमिनीखालच्या नळाला सांधे असतात, बारीक भेगा असतात. नळात पुरेसा दाब आहे तोवर त्या फटींतून पाणी बाहेर गळते. ते वाया जाते खरे, पण बाहेरची घाण आत शिरू शकत नाही. पुरवठा बंद झाला की दाब उतरतो. नळातले उरलेले पाणी सखल भागाकडे ओघळू लागले की वरच्या भागात दाब बाहेरच्यापेक्षाही कमी होऊ शकतो. अशा वेळी फटीजवळ गटाराचे पाणी साचलेले असेल, तर ते आत ओढले जाते. कावीळ आणि गॅस्ट्रोच्या साथींना अशी वाट मिळते. बचतीचेही तसेच. पाणी केव्हाही मिळणार म्हटल्यावर कोणी ते भरून ठेवत नाही, म्हणून सकाळी ‘शिळे’ म्हणून ओतूनही देत नाही. शिवाय मीटर असल्याने वापराचे पैसे मोजावे लागतात.

म्हणजे या धड्याचा सारा जीव ‘कारण’, ‘म्हणून’ आणि ‘पण’ या तीन शब्दांत आहे. ठिपक्यांच्या यादीत नेमके हेच शब्द गळतात. पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी प्रथम विक्रीस आले, ते कचेऱ्यांतील आणि व्यापारी बैठकांतील सादरीकरणासाठी. तेथे मुद्दे झटपट मांडायचे असतात. वर्गात मुद्द्यांमधले दुवे जोडायचे असतात.

हे दुवे हरवले की काय होते, याचा एक दाखला अंतराळविज्ञानात आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडाले तेव्हा इंधनटाकीवरील फेसाचा तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधून नासासमोर तो पॉवरपॉइंटवर मांडला. एका पारदर्शिकेचा मथळा धीर देणारा होता. तळाशी, यादीच्या आतल्या पायरीवर, खरी गोष्ट दडली होती : चाचणीतील तुकडे ३ घनइंचांचे होते, तर आदळलेला तुकडा १९२० घनइंचांचा असल्याचा अंदाज होता. म्हणजे ६४० पट! १ फेब्रुवारी २००३ रोजी यान परतताना भंगले आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघात पारदर्शिकेमुळे झाला, असे कोणी म्हणणार नाही. पण एडवर्ड टफ्टी यांनी या पारदर्शिकेची चिकित्सा केली, आणि तांत्रिक अहवालाची जागा अशा सादरीकरणाने घ्यावी, यावर चौकशी मंडळानेही बोट ठेवले.

मग हे साधन टाकून द्यावे काय? मुळीच नाही. मलकापूरचाच धडा आम्ही असा करू. मथळ्यात नाव न घालता पूर्ण वाक्य लिहू : ‘नळात सतत दाब असतो, म्हणून घाण आत शिरत नाही’. खाली ठिपके नकोत. भेग असलेल्या नळाचे एकच मोठे चित्र पुरे. चलनाची सुविधा अक्षरांवर न उधळता बाणांसाठी वापरू. पहिल्या कळीला बाण बाहेर जातील. दुसऱ्या कळीला दाब उतरेल आणि बाण उलटून आत येतील. जी गोष्ट निसर्गात हलते तीच पडद्यावर हलावी, एवढा नियम पाळला तरी निम्मा गोंगाट थांबेल.

यानंतर ‘बी’ ही कळ दाबावी. पडदा काळा होतो आणि मुलांच्या नजरा शिक्षकाकडे वळतात. आता जाडसर प्लास्टिकच्या बाटलीला बाजूने टाचणीने भोक पाडा, ती पाण्याने भरून बूच घट्ट लावा आणि भोक रंगीत पाण्याच्या घमेल्यात बुडवा. बाटली दाबली की पाणी बाहेर येते. हात सैल सोडला की रंगीत पाणी आत शिरताना दिसते. पुन्हा ‘बी’ दाबले की चित्र परत येते. आमच्या मते वर्गासाठी या आज्ञावलीतील सर्वांत मोलाची सुविधा हीच. मुलाने शंका विचारली, तर पारदर्शिकेचा क्रमांक टंकून एंटर दाबावे. थेट तेथे जाता येते.

मराठी शाळांची एक अडचण मात्र वेगळी आहे. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये घरी केलेला धडा शाळेच्या संगणकावर उघडला की तो फाँट तेथे नसल्याने निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. फाइल साठवताना फाँट तिच्यातच अंतर्भूत करण्याचा पर्याय असतो, तोही पाहावा. लिबरऑफिसमधील इम्प्रेस ही मोफत आज्ञावलीही या कामाला पुरते.

परीक्षेत मुद्देच लिहायचे असतात, मग मुद्दे दाखवले तर काय बिघडले, असा आक्षेप येईल. मुद्दे जरूर असावेत, पण ते तासाच्या शेवटी, मुलांच्या तोंडून आणि फळ्यावर. पुढचा धडा तयार झाला की प्रत्येक पारदर्शिका वाचून पाहावी; तीत ‘कारण’ किंवा ‘म्हणून’ कोठे आहे ते शोधावे. सापडले नाही, तर ती पारदर्शिका पुन्हा करावी.